खेळयंत्रे आणि वैद्यकीय संशोधन : एका उसन्या साधनाचा इतिहास (२०००–२०१२)

विज्ञानाच्या इतिहासात सिद्धान्तांना व शास्त्रज्ञांना जे स्थान लाभते ते साधनांना सहसा लाभत नाही. आणि साधनांपैकीही जी विज्ञानासाठी मुद्दाम घडविली गेली त्यांचीच नोंद अधिक होते. दुसऱ्या एखाद्या व्यवसायासाठी निर्माण झालेली आणि विज्ञानाने उसनी घेतलेली साधने इतिहासकाराच्या नजरेतून बहुधा निसटतात. वस्तुतः अशा उसनवारीची परंपरा जुनी आहे. गॅलिलिओने १६०९ साली आकाशाकडे दुर्बीण रोखली, पण दुर्बिणीची मूळ कल्पना हॉलंडमधील चष्मे घडविणाऱ्या कारागिरांची होती. सूक्ष्म जीवांचे पहिले दर्शन घेणारा डेल्फ्ट येथील लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी होता, आणि कापडाचा पोत पारखण्याचे भिंग हे त्याच्या धंद्यातलेच उपकरण होते.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाच प्रकार एका अनपेक्षित क्षेत्रात घडून आला. दिवाणखान्यातील दूरचित्रवाणीला जोडून मुलांनी व तरुणांनी खेळावयाचे जे यंत्र, ज्याला बाजारात ‘कन्सोल’ म्हणतात, त्याच्या अंतर्भागातील प्रोसेसर प्रथिनांच्या घड्या, हृदयातील विद्युत्-लहरी ह्यांसारख्या प्रश्नांच्या गणितासाठी वापरला जाऊ लागला. हा उपक्रम जितक्या वेगाने वाढला तितक्याच वेगाने संपलाही. वैद्यकीय संशोधनाला खेळण्याची गरज का भासली, त्यापासून त्याला नेमके काय मिळाले, आणि हे साधन त्याच्या हातून का गेले, ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१. गणिताची अडचण

प्रथिन म्हणजे ॲमिनो अम्लांची एक लांब साखळी. पेशीत निर्माण होताच ही साखळी स्वतःभोवती घड्या घालून एक विशिष्ट त्रिमिती आकार धारण करते, आणि त्या आकारावरच तिचे कार्य अवलंबून असते. साखळीतील ॲमिनो अम्लांच्या क्रमातच तिच्या अंतिम आकाराची सूचना साठविलेली असते, हे क्रिश्चन ॲनफिन्सेन ह्यांनी प्रयोगाने दाखविले आणि त्याबद्दल त्यांना १९७२ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्यापूर्वी १९६३ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन व त्यांचे सहकारी रामकृष्णन् आणि शशिशेखरन् ह्यांनी साखळीतील दुव्यांना कोणते कोन शक्य आहेत व कोणते अशक्य आहेत ह्याचा आलेख सिद्ध केला होता. ‘रामचंद्रन आलेख’ ह्या नावाने तो आजही जगभर वापरला जातो.

अशक्य कोन वगळले तरी शक्य रचनांची संख्या अफाट उरते. सायरस लेव्हिंथल ह्यांनी १९६९ साली असे निदर्शनास आणले की, एखादे प्रथिन सर्व शक्य रचना एकेक करून चाचपून पाहू लागले तर विश्वाचे वयही त्याला पुरणार नाही. प्रत्यक्षात मात्र कित्येक प्रथिने सेकंदाच्या अल्पांशात घडी घालून मोकळी होतात. अर्थात् घडी पडण्याला काही मार्ग असला पाहिजे. ह्या मार्गाचे ज्ञान केवळ कुतूहलाचा विषय नाही. अल्झायमर, पार्किन्सन, हंटिंग्टन ह्या व्याधींत काही विशिष्ट प्रथिनांच्या घड्या बिघडतात व ती एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. घडी कोठे व कशी चुकते हे कळल्यावाचून तिला आवर घालणारा रेणू शोधणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय.

प्रयोगशाळेत घडीचा आरंभ व शेवट पाहता येतो. मधल्या पायऱ्या क्षणभंगुर असल्यामुळे डोळ्यांआड राहतात. म्हणून प्रत्येक अणूवर कार्य करणारी बले मोजून त्याची पुढची जागा काढावयाची, आणि हेच पुन्हा पुन्हा करीत जावयाचे, असा संगणकीय प्रतिरूपणाचा मार्ग शास्त्रज्ञांनी स्वीकारला. येथे अडचण काळाची आहे. अणूंची थरथर इतकी शीघ्र असते की गणिताचे एक पाऊल सामान्यतः दोन फेम्टोसेकंदांहून मोठे टाकता येत नाही. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग करावे व त्यांतील एका भागाचे पुन्हा दहा लक्ष भाग करावे, म्हणजे एक फेम्टोसेकंद होतो. ह्या हिशेबाने सेकंदाचा केवळ दहा लक्षावा अंश गाठण्यास पन्नास कोटी पावले लागतात. हजारावा अंश गाठावयाचा तर पन्नास हजार कोटी. प्रत्येक पावलाला हजारो अणूंमधील परस्परबलांचा हिशेब करावा लागतो. शिवाय मागचे पाऊल पूर्ण झाल्याखेरीज पुढचे टाकता येत नाही. त्यामुळे ‘दहा माणसे लावली तर काम दहापट लवकर होईल’ हा व्यवहारातील न्याय येथे सरळसरळ लागू पडत नाही.

२. विखुरलेली गणना

ह्या कोंडीतून वाट काढण्याचा प्रयत्न स्टॅनफर्ड विद्यापीठातील विजय पांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. १९९९ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने ‘सेटी ॲट होम’ हा उपक्रम सुरू करून घरोघरच्या संगणकांचा रिकामा वेळ रेडिओ-दुर्बिणीने टिपलेल्या संकेतांच्या छाननीसाठी मागितला होता. स्टॅनफर्डचा ‘फोल्डिंग ॲट होम’ १ ऑक्टोबर २००० रोजी सुरू झाला. परंतु आकाशातील संकेतांचे तुकडे करून वाटणे सोपे. एकाच प्रथिनाच्या अखंड हालचालीचे तुकडे कसे करावयाचे?

त्यांचे उत्तर सांख्यिकीचे होते. घडी पडणे ही घटना बव्हंशी प्रतीक्षेची असते. साखळी दीर्घकाळ एका अवस्थेत घुटमळते आणि मग एखाद्या क्षणी उंबरठा ओलांडून दुसऱ्या अवस्थेत जाते. हा क्षण केव्हा येईल ते यदृच्छेवर अवलंबून असते. तेव्हा एकाच यंत्रावर दीर्घकाळ वाट पाहण्याऐवजी हजारो यंत्रांवर हजारो अल्पकालीन प्रतिरूपणे चालविली, तर त्यांपैकी काहींत तो क्षण लवकरच दृष्टीस पडतो. आणि किती प्रयत्नांत किती वेळा तो आला ह्यावरून घडीचा वेग काढता येतो. ह्या पद्धतीची कसोटी २००२ साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तेवीस ॲमिनो अम्लांच्या एका लहानशा कृत्रिम प्रथिनाचा गणिताने काढलेला वेग लेसरच्या साहाय्याने केलेल्या प्रत्यक्ष मापनाशी जुळला. पुढे ह्याच विचारातून निरनिराळ्या अवस्था व त्यांच्यामधील संक्रमणांच्या संभाव्यता मांडणारी ‘मार्कोव्ह प्रतिमाने’ विकसित झाली.

ह्याचा एक परिणाम विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. आता संशोधनाला एकच प्रचंड यंत्र नको होते; परस्परांशी फारसे न बोलणारी, पण स्वतंत्रपणे वेगाने गणित करणारी अनेक लहान यंत्रे हवी होती. खेळयंत्राचा प्रवेश होण्यापूर्वीच पद्धतीने त्याच्यासाठी जागा मोकळी करून ठेवली होती.

३. खेळाला इतके गणित कशाला ?

व्हिडिओ खेळातील दृश्य सेकंदाला तीस किंवा साठ वेळा नव्याने रेखाटावे लागते. प्रत्येक वेळी असंख्य त्रिकोणांच्या शिरोबिंदूंची स्थाने, त्यांवर पडणारा प्रकाश, वस्तूंच्या टकरी ह्यांचे हिशेब करावे लागतात. हे हिशेब अपूर्णांकी संख्यांचे, एकाच साच्याचे आणि परस्परांपासून बव्हंशी स्वतंत्र असतात. अणूंवरील बलांचे गणितही नेमके असेच असते. म्हणून जे यंत्र पडद्यावर धावती मोटार उत्तम रीतीने दाखवू शकते ते प्रथिनाचे गणितही करू शकेल, ही अपेक्षा निराधार नव्हती.

ह्यास अर्थकारणाची जोड होती. असे यंत्र कोट्यवधींच्या संख्येने खपावयाचे असल्यामुळे त्याच्या प्रोसेसरच्या आराखड्यावर प्रचंड खर्च करणे कंपन्यांना परवडत असे. आणि नफा खेळांच्या विक्रीतून मिळवावयाचा असल्याने यंत्र स्वतः उत्पादनखर्चाहून कमी किमतीत विकण्याचीही त्यांची तयारी असे. संशोधकाच्या दृष्टीने ह्याचा अर्थ असा की, महागडे गणकसामर्थ्य त्याला दुसऱ्याच्या खर्चाने स्वस्तात मिळू लागले.

ह्या दिशेने पहिले ठळक पाऊल २००३ साली पडले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या राष्ट्रीय महासंगणन केंद्राने सुमारे सत्तर ‘प्लेस्टेशन २’ यंत्रे लिनक्स प्रणालीवर एकत्र जोडून पाहिली. त्या यंत्राची स्मृती अवघी ३२ मेगाबाइट होती, आणि त्यातील गणितविभागांसाठी आज्ञावली लिहिणे अत्यंत किचकट होते. प्रयोगाने शक्यता दाखविली, तशी मर्यादाही दाखविली.

त्याच सुमारास सोनी, तोशिबा व आयबीएम ह्या तीन कंपन्या २००१ साली केलेल्या करारानुसार टेक्सासमधील ऑस्टिन येथे ‘सेल’ नावाचा नवा प्रोसेसर घडवीत होत्या. त्याची रचना एखाद्या कारखान्यासारखी होती. एक सर्वसाधारण प्रोसेसर मुकादमाप्रमाणे काम वाटून देई, आणि आठ साधे पण वेगवान गणितविभाग ते काम उरकीत. प्रत्येक विभागाजवळ स्वतःची २५६ किलोबाइटची स्मृती होती; लागणारी सामग्री मुख्य स्मृतीतून तेथे केव्हा आणावयाची हे आज्ञावली लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागे. हा प्रोसेसर ज्यात बसविला होता ते ‘प्लेस्टेशन ३’ यंत्र नोव्हेंबर २००६ मध्ये जपानात व अमेरिकेत विक्रीस आले. आठांपैकी सातच विभाग त्यात चालू ठेवले होते आणि त्यांतील एक यंत्राच्या स्वतःच्या व्यवस्थेसाठी राखीव होता. उरलेल्या सहा विभागांची कमाल क्षमता कागदोपत्री सेकंदाला १५,३६० कोटी गणितक्रिया इतकी होती. मात्र ही क्षमता एकेरी अचूकतेच्या संख्यांपुरतीच. दुहेरी अचूकतेच्या संख्यांबाबत हा प्रोसेसर पुष्कळच मंद होता.

४. स्टॅनफर्डचा प्रयोग

सोनी कंपनी व स्टॅनफर्ड विद्यापीठ ह्यांच्या सहकार्याने ‘फोल्डिंग ॲट होम’ची आज्ञावली मार्च २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ वर उपलब्ध झाली. यंत्र खेळासाठी वापरात नसेल तेव्हा मालकाने ती सुरू करावी, स्टॅनफर्डहून आलेला गणिताचा तुकडा यंत्राने सोडवावा आणि उत्तर परत धाडावे, अशी व्यवस्था होती. पडद्यावर त्या वेळी हाताळले जात असलेले प्रथिन फिरताना दिसे, आणि पृथ्वीच्या नकाशावर जगभरातील सहभागी यंत्रांचे ठिपके चमकत.

प्रतिसाद अपेक्षेबाहेरचा होता. सप्टेंबर २००७ मध्ये उपक्रमाची एकूण गणनशक्ती एक पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या गणितक्रिया, ह्या मर्यादेपलीकडे गेली. त्यात खेळयंत्रांचा वाटा सर्वांत मोठा होता. गिनेसच्या विक्रमनोंदीतही ह्या जाळ्याचा समावेश झाला. त्या वर्षाअखेर जगातील अग्रगण्य महासंगणकाचा, लिव्हरमोर येथील ‘ब्लू जीन/एल’चा, अधिकृत वेग ह्याच्या निम्म्याहूनही कमी होता. एका यंत्राने पेटाफ्लॉपची सीमा ओलांडली ती २००८ साली, लॉस ॲलमॉस येथील ‘रोडरनर’ने, आणि त्याच्या गणनेचा मुख्य भार सेल प्रोसेसरच्याच सुधारलेल्या आवृत्तीवर होता.

ह्या आकड्यांची तुलना करताना मात्र सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. महासंगणकाचा वेग एकाच अखंड प्रश्नावर, दुहेरी अचूकतेने मोजलेला असतो. विखुरलेल्या जाळ्याचा वेग म्हणजे स्वतंत्र यंत्रांच्या एकेरी अचूकतेच्या वेगांची बेरीज. हजार माणसे वेगवेगळ्या हजार विहिरी खणत असतील तर त्यांच्या श्रमांची बेरीज एका खोल विहिरीइतकी भरेल. पण म्हणून एक खोल विहीर तयार झाली असे होत नाही. स्टॅनफर्डच्या पद्धतीला अनेक लहान विहिरीच हव्या होत्या, एवढ्यापुरतीच ही तुलना सार्थ ठरते.

यंत्राच्या मर्यादांचा शास्त्रीय परिणामही झाला. विभागांची स्मृती अल्प असल्याने प्रथिनाभोवतीच्या पाण्याचा प्रत्येक रेणू हिशेबात धरण्याऐवजी पाण्याचा सरासरी परिणाम एका सूत्राने धरण्याच्या पद्धतीवर भर दिला गेला. २००९ साली ‘जर्नल ऑफ कॉम्प्युटेशनल केमिस्ट्री’त पांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या कामाची जी हकीकत दिली तीत गणित करणे आणि स्मृतीतून सामग्री आणणे ह्यांतील तारतम्याला विशेष महत्त्व आहे. अशा यंत्रावर एखादी संख्या साठवून पुन्हा आणण्यापेक्षा ती पुन्हा गणणे कित्येकदा स्वस्त पडते. जुन्या संगणकांवर काटकसर म्हणून जे शिकविले जाई त्याच्या हे उलट होते. साधन बदलले की गणिताची रीतही बदलते, ती अशी.

५. बार्सिलोना आणि वॉरिक

स्टॅनफर्डचा प्रयोग कंपनीच्या सक्रिय सहकार्याने झाला. असे सहकार्य हाताशी नसलेल्यांनीही मार्ग शोधले. बार्सिलोना येथे जान्नी दे फाब्रितीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ‘पीएस३ग्रिड’ हे जाळे उभारले. प्रारंभीच्या प्लेस्टेशन ३ मध्ये मालकाला कंपनीच्या प्रणालीशेजारी लिनक्स बसविण्याची मुभा होती. तिचाच आधार घेऊन हा गट स्वतःची आज्ञावली थेट सेल प्रोसेसरवर चालवी, आणि प्रथिनाभोवतालचे पाणी रेणूरेणूने हिशेबात धरी.

इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठात सायमन स्कार्ल ह्यांनी वेगळ्याच यंत्राचा व वेगळ्याच अवयवाचा विचार केला. स्कार्ल ह्यांनी पूर्वी ‘रेअर’ ह्या खेळनिर्मिती संस्थेत काम केले होते, आणि मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स ३६०’ यंत्राचा त्यांना जवळून परिचय होता. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर स्नायूतून एक विद्युत्-लहर पसरत जाते. ही लहर काही कारणाने मागे वळून स्वतःच्याच वाटेत फिरू लागली तर ठोक्यांची लय बिघडते आणि प्रसंगी मृत्यू ओढवतो. हृदयाचा स्नायू लहान लहान चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीतील रासायनिक क्रिया व शेजारच्या चौकटींकडे होणारे विद्युत्-दाबाचे प्रसरण गणणे, ही ह्या प्रश्नाची रूढ पद्धती होय. पडद्यावरील बिंदू रंगविणारा ग्राफिक्स प्रोसेसर चौकटीचौकटीचे हे काम सहज करू शकतो, असे स्कार्ल ह्यांनी २००९ साली ‘कॉम्प्युटेशनल बायॉलॉजी अँड केमिस्ट्री’त प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले.

परंतु त्या निबंधाचे खरे प्रतिपाद्य निराळेच होते. हृदयपेशींच्या प्रतिमानातून सर्व तर्कक्रियांना पुरेसे असे एक ‘तर्कद्वार’ रचता येते, हे त्यांनी यंत्रावर सिद्ध केले. ज्या व्यूहात असे द्वार रचता येते त्यात तत्त्वतः कोणतीही गणना करता येते. आणि जेथे कोणतीही गणना करता येते तेथे ॲलन ट्युरिंग ह्यांनी १९३६ साली सिद्ध केलेली मर्यादाही येते. एखादी गणना कधी थांबेल की नाही हे आधीच सांगू शकणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही. म्हणजे हृदयाच्या स्नायूतील लहरी पुढे कोणते रूप घेतील ह्याच्या पूर्वकथनालाही तत्त्वतः सीमा असू शकतात. गणनशक्तीच्या प्राचुर्याने हुरळून जाण्याच्या त्या काळात, त्याच प्राचुर्याचा उपयोग गणनेच्या मर्यादा दाखविण्यासाठी झाला, हे ह्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण मानावे लागेल.

येथे आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. स्कार्ल ह्यांनी वापरलेले यंत्र दुकानात मिळणारे नव्हते. खेळ तयार करणाऱ्यांना दिले जाणारे ते विशेष यंत्र होते. दुकानातील यंत्र कंपनीच्या संमतीखेरीज इतर आज्ञावली चालवू देत नसे. स्वस्त यंत्र सर्वांना उपलब्ध होते हे खरे. त्याची किल्ली मात्र सर्वांना उपलब्ध नव्हती.

६. साधनाचा धनी कोण ?

ह्या किल्लीचा प्रश्न लवकरच उग्र झाला. २००९ साली आलेल्या प्लेस्टेशन ३ च्या सडपातळ आवृत्तीत लिनक्स बसविण्याची सोय नव्हती. १ एप्रिल २०१० रोजी कंपनीने सुरक्षिततेचे कारण देऊन एका सुधारणेद्वारे जुन्या यंत्रांतूनही ती काढून घेतली. सुधारणा न स्वीकारणाऱ्याला इंटरनेटवरील खेळांना मुकावे लागे. अमेरिकेत ह्याविरुद्ध न्यायालयात दावे दाखल झाले. अमेरिकन हवाई दलाच्या संशोधनशाळेने सुमारे सतराशे प्लेस्टेशन यंत्रे जोडून ‘काँडोर’ नावाचा महासंगणक २०१० सालीच उभा केला होता. एवढ्या बलाढ्य ग्राहकालाही बिघडलेल्या यंत्राच्या जागी तसेच दुसरे मिळेल की नाही ही चिंता उत्पन्न झाली. बार्सिलोनाच्या गटाने मात्र २००८ पासूनच ग्राफिक्स प्रोसेसरांकडे मोहरा वळविला होता, आणि त्याच्या जाळ्याचे नावही ‘जीपीयूग्रिड’ झाले होते.

स्टॅनफर्डचा उपक्रम कंपनीच्या संमतीने चालला असल्याने तो अधिक काळ टिकला. परंतु त्याचाही शेवट कंपनीच्या निर्णयानेच झाला. ६ नोव्हेंबर २०१२ रोजी प्लेस्टेशन ३ वरील ही सेवा बंद झाली. कंपनीने दिलेल्या आकड्यांनुसार तोवर दीड कोटींहून अधिक लोकांनी तीत भाग घेतला होता आणि दहा कोटी तासांहून अधिक गणना झाली होती. पुढल्याच वर्षी आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये सेल प्रोसेसरला स्थान नव्हते. ‘रोडरनर’ही मार्च २०१३ मध्ये सेवेतून निवृत्त झाला.

दोष केवळ कंपनीच्या पदरी घालणे न्याय्य ठरणार नाही. खेळयंत्र हे खेळासाठी विकले जात होते; संशोधन हा त्याचा आनुषंगिक उपयोग होता, आणि आनुषंगिक उपयोगाला करारपत्राचे संरक्षण नसते. ‘फुकट’ मिळालेली गणनाही खऱ्या अर्थाने फुकट नव्हती. प्रारंभीचे प्लेस्टेशन ३ गणना करीत असता सुमारे २०० वॅट वीज घेई. अहोरात्र चालविल्यास महिन्याला १४४ युनिटे होत. हा खर्च घरमालक उचलीत होता. संशोधनाचा भार अशा रीतीने असंख्य घरांच्या विजेच्या बिलांत विभागला गेला होता, आणि देणाऱ्याला आपण नेमके किती दिले ह्याचा हिशेब बहुधा ठाऊकही नसे.

७. वैद्यकाला काय मिळाले ?

ह्या उपक्रमांविषयी लिहिताना ‘खेळता खेळता रोग बरे करा’ अशा स्वरूपाची भाषा सर्रास वापरली गेली. तिची चिकित्सा करणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे. प्रतिरूपणातून औषध थेट निघत नाही. निघते ते प्रयोगशाळेने तपासावयाचे अनुमान; आणि त्या अनुमानापासून रुग्णाच्या हाती पडणाऱ्या गोळीपर्यंतची वाट दीर्घ व अपयशांनी भरलेली असते. २००८ साली पांडे ह्यांच्या गटाने अल्झायमर व्याधीशी संबंधित अमायलॉइड-बीटा प्रथिनाचे पुंजके कसे जमत जातात ह्याचे मार्कोव्ह पद्धतीने केलेले प्रतिरूपण प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेत ज्या अवस्था पकडणे कठीण असते त्यांचे चित्र त्यामुळे मिळाले. रुग्णाला उपचार मिळाला असा त्याचा अर्थ नव्हे.

तथापि लाभ नाकारणेही योग्य नव्हे. तो यंत्रापेक्षा पद्धतीच्या रूपाने टिकला. लहान स्वतंत्र प्रतिरूपणांतून दीर्घ घटनेचे चित्र उभे करणे, आणि स्मृतीची काटकसर सोडून गणनेला प्राधान्य देणे, ह्या दोन रीती सेल प्रोसेसरच्या पश्चातही कामी आल्या. २०१० साली ३९ ॲमिनो अम्लांच्या ‘एनटीएल-९’ प्रथिनाच्या घडीचे मिलिसेकंदाच्या टप्प्यातील चित्र ‘फोल्डिंग ॲट होम’ने ग्राफिक्स प्रोसेसरांवर सिद्ध केले. हे प्रोसेसरही मूलतः खेळांच्या बाजारपेठेनेच पोसलेले होते. फरक इतकाच की, २००७ पासून एन्व्हिडिया कंपनीने ‘कुडा’ ही आज्ञावली-व्यवस्था उपलब्ध करून त्यांची किल्ली संशोधकांच्या हाती अधिकृतपणे दिली. कोव्हिडच्या साथीत, २०२० साली, ह्याच उपक्रमाची शक्ती एक्झाफ्लॉपपलीकडे, म्हणजे २००७ च्या विक्रमाच्या हजारपटीहून पुढे गेली. आणि २०२१ साली ‘नेचर केमिस्ट्री’त विषाणूच्या काटेरी प्रथिनाचे उघडणे व औषधाला शिरकाव करता येईल अशा त्याच्या प्रथिनांतील छुप्या खोबणी ह्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले.

दुसरीकडे, प्रथिनाचा अंतिम आकार कोणता ह्या प्रश्नाला २०२० साली ‘अल्फाफोल्ड’ने निराळ्याच मार्गाने उत्तर दिले. ज्ञात रचनांच्या संग्रहावरून शिकणाऱ्या ह्या प्रणालीबद्दल डेमिस हसाबिस व जॉन जंपर हे २०२४ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. त्यांच्याबरोबर प्रथिनांच्या रचनानिर्मितीबद्दल डेव्हिड बेकर ह्यांचाही गौरव झाला. ह्यामुळे अणूअणूच्या हालचाली गणणारी पद्धती कालबाह्य ठरली असे मानणे चूक होईल. अंतिम आकार कळणे आणि त्या आकाराकडे जाणारा, किंवा त्यापासून ढळणारा, मार्ग कळणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. आणि प्रथिनांच्या बिघडलेल्या घड्यांमुळे होणाऱ्या व्याधी प्रामुख्याने मार्ग ढळल्याच्याच कथा आहेत.

समारोप

२००० ते २०१२ ह्या कालखंडाचे एकत्र अवलोकन करता दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, खेळयंत्राने संशोधनाला प्रश्न दिला नाही किंवा पद्धतीही दिली नाही. प्रश्न ॲनफिन्सेन व लेव्हिंथल ह्यांच्या काळापासूनचा होता, आणि अनेक लहान यंत्रांवर गणना विभागण्याची पद्धती प्लेस्टेशन ३ बाजारात येण्यापूर्वी सहा वर्षे रूढ होत होती. यंत्राने दिला तो वेग, आणि तोही अशा काळी की जेव्हा तेवढा वेग विकत घेणे विद्यापीठांच्या आवाक्याबाहेर होते. दुसरी अशी की, उसन्या साधनाबरोबर त्याच्या धन्याची इच्छाही स्वीकारावी लागते. लेव्हेनहूकच्या भिंगाचा मालक लेव्हेनहूकच होता. त्याने ते कोठे रोखावे हे ठरविण्याचा अधिकार भिंग विकणाऱ्याने स्वतःकडे राखून ठेवला नव्हता. ज्याच्या आतील आज्ञावली विक्रीनंतरही दूर अंतरावरून बदलता येते अशा साधनावर संशोधनाची उभारणी करणे, हा विज्ञानाच्या इतिहासातील नवा प्रसंग होता. आज संशोधनाची बहुतेक गणना मोजक्या कंपन्यांच्या प्रोसेसरांवर व भाड्याच्या गणनकेंद्रांत होत असल्याने तो प्रसंग संपला असे म्हणता येत नाही.

ह्या अनुभवातून बार्सिलोनाच्या गटाने जो धडा घेतला तो साधा होता. यंत्र जाणार हे गृहीत धरून त्यांनी आपली पद्धती व आज्ञावली अशा रीतीने राखली की ती दुसऱ्या यंत्रावर नेता यावी. सेल प्रोसेसर गेला, काम चालू राहिले.